धानाच्या खोलीत भरलेला आवाज

माहेर माहं वरोऱ्याकडचं भाऊ, कापसाच्या मुलखातलं, अन् दिलं मले इकडे कुरखेड्याच्या पुढे, धानाच्या अन् जंगलाच्या मुलखात. म्हनसान काऊन एवढ्या लांब, तं आवाजापायी. माही मावशी या गावची, तिच्याकडे मी दिवाळीनंतरच्या मंडईले, म्हनजे इकडच्या जत्रेले, आली होती, तं रस्त्यानं जीपगाडी आली, वर भोंगा बांधलेला, रसिक माय-बापहो, आज रातच्याले आपल्या गावात नाटक हाये, लेकराबाळासकट या. तोंड पाहाच्या आंधी आवाज ऐकला मी या मानसाचा. मावशी म्हने घरी धान हाये, मानूस बरा हाये, मी म्हनलं धानाचं राहू दे, आवाज चांगला हाये. अक्कल कुठी होती तेव्हा.

नवऱ्याले अहो-जाहो कराची रीत हाये, पन मले राग आला का मी तो म्हनते, तसंच लिहून घ्या. काय सांगू तुमाले, गावोगाव भोंग्यावर एवढं गोड बोलनारा मानूस घरी आला का मुका. भाजी वाढ, पानी दे, झालं. नाव तं माहं कधी घेतलंच नाई, अवो, एवढंच. अन् तोंडात सदा खर्रा, सुपारी-तंबाखू पन्नीत घासून घासून. मी भांडली, पोरीनं शपथा घातल्या, तं म्हने खर्र्याबिगर घसा खुलत नाई. मंग जिभेले जखम झाली, ते बरीच होईना, नागपूरले नेलं, डॉक्टर म्हने जीभ काढा लागन, नाई तं मानूस जाईन. मी म्हनलं काढा. तो येताना गाडीत खिडकीबाहेर पाहात बसला.

मंग पोरगी आली, वर्षा, आमची एकच, ऊर्जानगरले दिली हाये. तिनं संगं एक माईक आनला. आपल्या भोंग्याचा असते तसा हातात धराचा नाई, टेबलावर ठेवाचा, अन् वायर सरळ लॅपटॉपमंदी, मधात ना मशीन ना काई. म्हने माय, आप्रेशनच्या आंधी बाबाचा आवाज भरून ठेवू, भोंग्यावर तोच लावू, भोंगा बांधलेला ऑटो बाबाच चालवतीन. तिले वाटे बापाचं काम राहीन तं बाप राहीन. पहिले समोरच्या खोलीत बसलो, तं टिनाचं छत, पक्क्या भिंती, आवाज घुमे. वाकळा टांगल्या तरी घुमे. मंग मीच म्हनलं धानाच्या खोलीत बसा. तिथी पोत्यावर पोते, थेट वरपर्यंत, बोललं का आवाज पोत्यातच जिरून जाये. पोरगी खूश झाली.

पन यानं तोंड उघडलं का लॅपटॉपवरची आवाजाची पट्टी लाल. सारी जिंदगी गावाले ओरडलेला मानूस, माईक मुठीत धरून तोंडाले लावे, पोरगी हात सोडवे. बाबा, वीतभर दूर बसा, जरासं तिरपं बोला, तोंडाची हवा माईकात जाते, अन् हळू बोला, गावाले नाई, एका मानसाले सांगून राह्यले असं. तं हा म्हने, एका मानसाले कसं बोलतात मले माहीत नाई. मंग पोरीनं मले त्याच्यासमोर पोत्यावर बसवलं, म्हने मायकडे पाहून बोला.

बोलला भाऊ. जीभ दुखे, घोटघोट पानी पिये, पन बोलला. गावाचे नावं, वार, आज, उद्या, सारं सुटं सुटं, म्हनजे पोरीले मंग जोडता येईन. मधामधात मले म्हने, अवो पंखा बंद कर, माईकात येते. अवो ते कोंबडी हाकल. तुले गरम होऊन राह्यलं, पानी पी. लग्न झाल्यापासून एवढं बोलला नवता माह्याशी. माह्या डोळ्यात पाहून म्हने रसिक माय-बापहो, आग्रहाचं निमंत्रन हाये, अन् मले काई सुधरेना, पदर तोंडात कोंबला तरी हुंदका आलाच. तो थांबला. हळूच म्हने,

शेवंता, रडू नको, माईक ऐकते.

माहं नाव, भाऊ. पहिल्यांदा.

आप्रेशन झालं, मानूस वाचला, जीभ गेली. घरी आनलं, पेज-पानी नळीनं, मंग हळूहळू चमच्यानं. एक दिवस मी पोरीले म्हनलं, मले ऐकव ना ते. म्हने कोनतं? पंख्याचं, कोंबडीचं, माहं नाव घेतलं ते. तिचं तोंडच उतरलं. म्हने माय, तो तं कचरा होता, साफ करताना काढून टाकला, आता नाई भेटत. ढसाढसा रडली. मीच तिले जवळ घेतलं, तिची काय चूक, तिनं रातंदिवस बसून बापाचा आवाज चकचकीत केला. पन मी तिच्यावर चिडली बी होती, खोटं काऊन सांगू.

आता ऑटो जाते गावातून, तो पुढे मुका बसून चालवते अन् डोक्यावर त्याचा आवाज बोलते. नाटकाचं नाव दरसाली नवीन, ते दुसऱ्याच कोनाच्या आवाजात मधात घुसवलं हाये. काप गेले अन् भोकं राह्यले. मी दारात उभी राहून ऐकते. रसिक माय-बापहो म्हनते, अन् लगेच आग्रहाचं निमंत्रन, मधात श्वास बी नाई, पन मले माहीत हाये कुठी कापलं हाये. सारा गाव बोलावते तो, म्या कुठी जावं? धान विकलं, खोली रिकामी झाली, तिथी आता खोकललं तरी घुमते.

ऐकलं का? ग्लास आपटला त्यानं. एकदा आपटला का पानी, आपटतच राह्यला का मी पाहिजे. पहिले राग ये, आता नाई येत, मानूस हाये घरात एवढं बस झालं.

तुम्ही मोबाईल ठेवला ना माह्यापुढे, भरून राह्यले ना हे सारं? मंग एवढं करा भाऊ, साफ कराले बसले का तो ग्लास काढू नका. देव तुमचं भलं करो. जाते मी, मलेच बोलावून राह्यला तो.