नायकिणीच्या नाकासमोर

आमी मूळचे मैंदर्गीकडचे, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. रान होतं पण त्यात पिकत न्हवतं, म्हणून लगीन झाल्यावर नवऱ्याबरोबर मी सोलापूरला आले आन गिरणीत बाबिणींवर सूत भरायला लागले. सगळं सांगते, पण लिहिताना गोड करू नकोस. कालेजात गेल्यापास्नं तुला ती खोड लागलीय.

तुझ्या आधी एक पोरगी झाली. कळा येईस्तोवर मी कामावर उभी. आमच्यावर एक नायकीण होती, म्हंजे बायांची मुकादम, कामावर ठेवणं-काढणं तिच्या हातात. बारसं होतंय न होतंय तोवर तिचा निरोप, येतीस का दुसरी घेऊ? गेले की. पोरगी सासूजवळ. रडू नये म्हणून अफूची गोळी चाटवायची, चाळीत सगळ्याच चाटवायच्या. भोंग्यानं आय उठायची आन गोळीनं लेकरू निजायचं. निजून निजूनच सुकली ती, गेली. गिरणी काय बंद पडली न्हाय.

मग सरकारनं कायदा केला, बाळंतपणाच्या आधी आन मागनं काही आठवडे बाईनं घरी बसायचं, पैसे गिरणीनं द्यायचे. आमी हसलो. नायकीण न्हाय हसली. ती लई गोड बोलाय लागली. पोट दिसलं की म्हणायची, जा गं माहेरी, आयच्या हातचं खा, तुझी जागा ठिवते. बाळंतपण माहेरीच करायची आपली रीत, ती तिला ठाऊक. शेजारची गंगू माहेरी गेली. मागं नायकिणीनं हापिसात सांगितलं, काम सोडून पळाली. गंगूला ना पैसे, ना जागा; गिरणीचे पैसे वाचले, हापिसात नायकिणीचं वजन वाढलं.

तुझ्या वेळी आय गाडी जुंपून न्यायला आली, आन मी बसले न्हाय. आय म्हणाली, लेकीला आणली न्हाय म्हणून गाव माझ्या तोंडात शेण घालंल. सासू म्हणाली, पैशापायी रीत मोडती. मी आयला म्हटलं, तूच राहा, गाडी मोकळी जाऊ दे. दुसऱ्या दिवशी गिरणीत, आमच्या खात्यात, सगळ्या बायांसमोर नायकिणीला सांगितलं,

"मी कुटं जाणार न्हाय. हितंच बाळंत होणार, तुझ्या नाकासमोर."

आय राहिली, पण रुसून. न्हाऊ घालायची, शेक द्यायची, तोंडातनं शब्द न्हाय. पैसे मिळाल्याचं कळल्यावर नायकीण दारात आली, माझा वाटा काढ म्हणाली. आयला तिचं बोलणं निम्मं कळलं न्हाय, पसरलेला हात कळला. कानडीत होग, होग, चालती हो म्हणत चुलीतलं जळतं लाकूड घेऊन उठली की. नायकीण जी पळाली ती चाळीच्या नळापर्यंत. त्या दिवसापास्नं आय माझ्याशी बोलाय लागली.

काय सांगू, त्या बाईला मी आजबी माफ केलं न्हाय. मेली तवा बघायला गेले न्हाय.

कायद्यानं ठरलेले पैसे मिळाले, सगळे. ते आठवडे तू माझ्या कुशीत निजलीस, पुढं मी कामावर गेले तवा आयच्या मांडीवर. तुझ्या जिभेला अफू लागली न्हाय.