शेवटच्या पेटीची शिवण

लिलावाआधी घड्याळं बघायला रांग लागली होती. घड्याळांचा शौकीन एक डॉक्टर तिथे उभा होता. त्याच्या पुढे एक म्हातारा सुतार आणि त्याची लेक बोलत होती.

"बाबा, घड्याळाला हात लावायचा नाही हं."

"मला पेटी बघायचीय. कंपनीनं पन्नासच घड्याळं काढली, आणि पन्नासही पेट्या आपल्या घरी झाल्या."

"लाकूडकाम तुमचं, आतली मखमल आईची."

"एकोणपन्नासांची. ही शेवटची. तेव्हा ती दवाखान्यात, म्हणून मखमल मीच शिवली, वेडीवाकडी. आता चारचौघांत अब्रू जाणार माझी."

टेबलामागच्या बाईंनी पेटी उघडली.

"या काका, बघा घड्याळ."

"ताई, ते जरा उचलता? मला खालची शिवण बघायचीय."

बाईंनी घड्याळ उचललं. सुतार चष्मा सावरत वाकला.

"अगं, हे टाके माझे नाहीत."

"मग कोणाचे?"

"तिचे. माझी शिवण उसवून सगळं पुन्हा शिवलंय."

"शेवटी चार दिवस घरी आणलं होतं ना आपण तिला."

"मला एका शब्दानं बोलली नाही गं."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

बाईंनी डॉक्टरला खुणावलं. "साहेब, तुम्ही या पुढे."

"मला घाई नाही," डॉक्टर म्हणाला. "त्यांचं होऊ दे निवांत."