रेडवुडने दिलेला सल्ला

अमेरिकेतल्या सांताक्रूझच्या बसथांब्यावर मार्गो उभी होती. दृष्टांत दाखवणाऱ्या मशरूमच्या प्रयोगात आज ती पहिल्यांदाच बसणार होती, आणि गाडी घरीच ठेवून यायचा तिथला नियम होता. मागे दोन म्हातारे बोलत होते.

“प्रयोगात रेडवुडचं झाड मला म्हणालं, लोवेल, गाडी सोड, पृथ्वी वाचव.”

“मग?”

“त्याच संध्याकाळी विकली.”

“अरे वेड्या, महिनाभर मोठा निर्णय घ्यायचा नाही म्हणून बजावतात ना?”

“बजावलं होतं की. माझा हात धरून बसलेल्या मार्गदर्शकानेच.”

“मग गाडी घेतली कुणी?”

“त्यानेच.”

“म्हणजे धूर निघतोय तेवढाच.”

“तेवढाच. आता माझ्या नाकात जातो, इतकंच.”

“ती गाडी येतेय बघ, तुझीच ना?”

“हो. हात कर, माणूस चांगला आहे.”

मार्गोने आपल्या गाडीची किल्ली पर्सच्या तळाशी ढकलली.