गुणवंतरावांचा डबा आणि वच्छलाबाईंची चिंच

नमन झालं, मृदंगही तापला. आता मंडळी, जरा सरसावून बसा, एक प्रश्न विचारायचाय! घरात काही बिघडलं की बोट कुणाकडे जातं हो? हसताय! म्हणजे उत्तर ठाऊक आहे! दूध उतू गेलं — "लक्ष कुठं असतं तुझं?" कपबशी फुटली — "तूच ठेवली असशील काठावर!" नाव कसं खणखणीत निघतं तोंडातून! आणि चांगलं झालं की? तेव्हाच जीभ का अडते? ऐका तर मग!

वऱ्हाडात लोणखेडी नावाचं गाव. तिथं गुणवंतराव ढोबळे राहायचे. पंप दुरुस्तीचं काम सोडलं आणि नाद लागला तो दगडांना चकाकी देण्याचा! आतून रबर लावलेला डबा, मोटारीवर आडवा फिरतो — आत दगड, पाणी आणि घासायची पूड. दिवसभर आपली घरघर, घरघर! शेजारी म्हणायचे, "काहो, दगड दळून भाकरी करता का?" बायको वच्छलाबाई मात्र कधी बोलल्या नाहीत. त्या घरघरीतच जप करायच्या. आमचे पेटीवाले सुद्धा एवढं सोसत नाहीत हो!

तर झालं काय — गावात विहीर खणताना एक दगड निघाला. चुनखडीचा, मऊ, मुठीत मावेल एवढा. आणि आत? शंख! कधीकाळी तिथं तळं असेल, त्यात गोगलगाय असेल, गाळात रुतली, गाळाचाच दगड झाला! बायका म्हणाल्या, देव आपल्या पायानं आलाय. लहानसं देऊळ बांधलं, प्रतिष्ठेचा दिवस ठरला. सरपंच सुदामराव दगड घेऊन गुणवंतरावांकडे आले. "हा आता तुमच्या हवाली. असा चमकवा, की तोंड दिसलं पाहिजे!"

ज्याच्या डब्याला गाव हसलं, त्याच्याच दारात गाव आलं! छाती फुगणार नाही का? आणि काम केलं बरं का मनापासून. मऊ दगड गारगोट्यांबरोबर फिरवला तर त्याचा चिखल होतो, हे आधी दोन-चार दगड घालवून शिकलेले. म्हणून गारगोट्या काढल्या, प्लास्टिकचे मणी भरले, पूड घेतली अगदी मैद्यासारखी. उघडून बघायचं, पुन्हा लावायचं. शेवटी दगड निघाला — काय ती झळाळी! स्वारी खूश. दगड देवघरात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठा. आदल्या संध्याकाळी वच्छलाबाई देव उजळायला बसल्या. देव कशानं उजळतात, सांगा पाहू, बायांनो? चिंचेनं! सगळ्या देवांना चिंच लावली. मनात म्हणाल्या, हा नवा देव काय परका आहे? त्यालाही कोळ फासला आणि रात्रभर राहू दिला. प्रेमच ना हो ते?

सकाळी दगड धुतला — चकाकी गायब! पांढरट, खरखरीत! चुनखडीला आंबट खातं, पण हे आता सांगून उपयोग काय? दारात वाजंत्री उभी! गुणवंतराव कडाडले, "वच्छले! अक्कल हाये का तुले? साऱ्या गावात माह्यं तोंड काळं केलं!"

वाजंत्री थांबली. सगळ्या गल्लीनं ऐकलं. वच्छलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. फार लागलं हो त्या माउलीला.

मिरवणूक निघाली. गुणवंतराव मान खाली घालून चाललेत. देवळात सरपंचांनी दगड पाहिला, कपाळाला आठी पडली. तेवढ्यात म्हाताऱ्या पार्वताबाई पुढं आल्या. डोळ्यांनी ठार आंधळ्या. "मले दिसत नाई बाप्पा, हात तं लावू द्या." बोट फिरवलं आणि ओरडल्या, "अवं माय! शंख! सारे वेढे लागते बोटाले!"

सगळे वाकले. खरंच की! आंबटानं दगड खाल्ला, पण शंख टणक गारगोटीचा झालेला, त्याला आंबट लागत नाही — तो वर उठून आला! चकाकीत नुसती रेघ दिसत होती, आता अख्खा शंख हाताला लागत होता.

सुदामरावांनी गुणवंतरावांची पाठ थोपटली. "कारागिरी म्हणावी तं ही! कसं केलं हो?"

आता थांबा मंडळी. इथं काय बोलायचं? "थोडी युक्ती केली," एवढं म्हटलं की काम फत्ते! आलंच होतं ओठांवर. पण नजर गेली बायकांकडं. वच्छलाबाईंचे डोळे अजून लाल होते.

गुणवंतराव पुटपुटले, "म्या नाई केलं. हिनं केलं."

"कोणं?"

"आमच्या... घरून."

पाहिलंत! नाव निघेना! तेव्हा वच्छलाबाईंनी मान वर केली. "अवो, नाव घ्या की! सकाळी कसं गल्लीभर ऐकू गेलं! तेवढ्याच आवाजात सांगा!"

गुणवंतरावांनी डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले — "माह्या वच्छलेनं केलं! म्या तिले उगाच बोललो!"

डफडं घुमलं! वच्छलाबाई लाजून खांबाआड, आणि बाया काही त्यांना तिथं राहू देईनात!

हसलात ना पोटभर? आता तुमची पाळी. ही समोरची पुरुषमंडळी — पलीकडे बायकांत तुमची घरची माणसं बसलीत. आज जेवून आलात, ते कुणी रांधलं? उठा, नाव घ्या! हळू नको, मोठ्यानं! लाजता काय? देवाचं नाव आपण मग घेऊ. तो थांबतो.