साँगारेंचा कोट

आजच्या अध्यक्षा, नगराध्यक्षा बिंतू डोलोबाई; राजधानीहून मुद्दाम आलेले पोलीस संचालक; आदरणीय इमामसाहेब; सत्कारमूर्ती, आपल्या ठाण्याचे कमिसार योरो साँगारे, त्यांच्या दोन्ही पत्नी; आणि भाषणं कधी संपतात नि जेवण कधी वाढतात याची वाट बघणाऱ्या माझ्या बाजारातल्या बायांनो,

मी आसितान बालो. आम्ही बालो लोहार, हे साँगारे गुराखी. पिढ्यानपिढ्या आमचं थट्टेचं नातं. मी त्यांना चवळीखाऊ म्हणावं, आमचा गुलाम म्हणावं, त्यांनी मला म्हणावं, आणि कुणी रागवायचं नाही. म्हणून रीतीप्रमाणे स्तुती बाकीच्यांनी केली आणि टिंगल माझ्या वाट्याला आली.

"लोहारणी, आटप लवकर, चवळी गार होतेय!" बघा, बोलले साँगारे. निवृत्त व्हायला निघाले तरी लक्ष ताटातच.

संचालकसाहेबांनी मघाशी पोलीस दलाचा गौरव केला. मीही करते. गोरे साहेब गेले, टोप्या आणि शिट्ट्या ठेवून गेले, त्यावर आपण राष्ट्रीय दल उभं केलं. राष्ट्रीय म्हणजे काय हो? सरहद्दीवरचा पोरगा आपल्या नाक्यावर, आपला पोरगा सरहद्दीवर. शाळेत त्यांना कवायत शिकवतात, सलाम शिकवतात. थंडीचा कोट द्यायचं मात्र राहून जातं.

दोन वर्षांमागे वाळवंटाचा गार वारा सुटला होता. नाक्यावर रस्त्याला आडवा दोर बांधून सरहद्दीकडचा नवा शिपाई कुडकुडत उभा होता. आपल्या साँगारेंनी अंगातला कोट काढून त्याला दिला. मन मोठं, नाही कोण म्हणेल? कोटाच्या छातीवर नाव शिवलेलं होतं, साँगारे.

माझा धाकटा भाऊ झुमाना वडापची गाडी घेऊन तिथे आला. त्याने नाव वाचलं आणि खूश झाला. खिडकीतून ओरडला, "अरे चवळीखाऊ, आमच्या गुलामा, दोर खाली कर, मालक आलाय!" गाडीतली माणसं हसली. तुमच्यापैकी कुणीही हेच केलं असतं. पण कोटाच्या आत साँगारे नव्हता. ज्याच्याशी नातं नाही त्याला गुलाम म्हणणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. त्या शिपायाला एवढंच म्हणता आलं असतं, "दादा, कोट माझा नाही." तो म्हणाला नाही. त्याने झुमानाला खाली ओढलं, ठाण्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून निरोप आला, न्हाणीघरात पाय घसरला, गेला. कागदावर सही साँगारेंची. शिपायाची बदली झाली, कुठे ते गुपित. उतारूंनी पाहिलं होतं फक्त कोटावरचं नाव, त्यामुळे बाजारात आजही म्हणतात, झुमानाला साँगारेने मारलं.

आणि साँगारे मयतीला आले. रीतच आहे, थट्टेच्या नात्यातल्याने रडणाऱ्यांना हसवायचं. खणलेल्या कबरीत उतरून आडवे झाले. म्हणाले, "लोहारांनो, जागा माझी आहे, मानाच्या कोलाच्या बिया दिल्याशिवाय उठणार नाही." लोक हसले. मीही हसले. थट्टेवर रागवायचं नसतं ना! त्या हसण्याची मला अजून किळस येते.

हसा की साहेब, का थांबलात? टिंगलच चालली आहे.

तर योरो, आता नीट ऐक. उद्यापासून तू साहेब नाहीस, तुला वर कुणाला विचारायचं नाही. थट्टेच्या नात्यातल्या माणसाने चारचौघांत काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही, हे तुझ्या आईने तुला शिकवलं आहे, आणि ती इथे पहिल्या रांगेत बसली आहे. मी गाय मागत नाही. त्या दिवशी तुझ्या कोटात कोण होता, त्याचं नाव मागते.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, उपकार मानते. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. जेवण थोडं थांबेल, बायांनो.

घे योरो, हा माईक.