मुरलेलं दार

हॅलो?… हां ताई, बोल.

…दार? कुठलं दार?

अगं हळू, कानाचा पडदा फाटेल… कोण म्हणालं? शेजारच्या काकू? त्यांना म्हणावं, आमच्या घरातून काय बाहेर जातं ते बघण्यापेक्षा… नाही, बाहेर गेलेलंच नाही. गॅलरीत नेलं होतं फक्त. कापायला.

…हॅलो? आहेस ना?

हो, कापायला. करवतीनं. दातांनी कापतात का?

अगं ऐक ना! सुरुवात तू केलीस. आठव. 'सासूबाई राहायला येतायत, तुझ्या खोलीत त्यांची खाट पडेल, तू हॉलमध्ये सोफ्यावर. आणि आम्ही त्यांना घेऊन येईपर्यंत त्या खेळण्यातल्या आगगाडीच्या टेबलाची घडी होऊन ते सोफ्यामागे गेलं नाही, तर गाडी भंगारात आणि तू भाड्याच्या खोलीत.' तुझेच शब्द. मी फक्त किंचाळणं गाळलंय.

मग? मग गेलो वखारीत… हो, गेलो होतो! सगळं बघितलं. दाबलेल्या भुशाचं एमडीएफ बघितलं. गुळगुळीत आहे, पण वजन असं की घडी करायला दोन माणसं आणि उलगडायला क्रेन. वर जरा ओल लागली की फुगतं. अगदी तुझ्या… बरं, राहिलं.

पार्टिकल बोर्ड? त्यात स्क्रू धरत नाही. दोनदा घडी केली की बिजागरी हातात. आणि स्वस्तातलं प्लायवूड तूच आणायला लावलं होतंस, विसरलीस? त्याची होडी झाली. इंजिन मधल्या खड्ड्यात जाऊन बसायचं आणि मागचे डबे येऊन त्याला जाब विचारायचे.

…पाइनच्या फळ्याही बघितल्या, ताई. गाठीच गाठी. त्यांना पीळ पडतो. वखारवाला म्हणाला, 'लाकूड आधी वर्षभर घरात मुरू द्या.' वर्षभर! तू मला दिलास एक आठवडा.

म्हणून मग बघितलं, आपल्या घरात आधीपासून काय काय मुरलंय. मी सोडून.

…तुमच्या खोलीचं. हो, तुमच्याच खोलीचं दार. हलकं, आतून पोकळ, सरळसोट. इतकी वर्षं तू ते आपटतेयस, तरी रेषभर वाकलेलं नाही. चाचणी तूच घेतलीस की!

…परत लावू? लावतो ना. खालचं अर्धं लावतो.

अगं मधोमध कापलंय! घडी तुला हवी होती. न कापता दाराची घडी कशी होते ते करून दाखव मला.

…वरच्या अर्ध्यावर स्टेशन चिकटवलंय… नाही निघत. गोंद चांगला आहे.

बिजागऱ्या मध्ये बसवल्यात. ठोकळे लावून रुळांपेक्षा उंचावर, नाहीतर घडी करताना स्टेशन सिग्नलवर आपटतं… तुला काय करायचंय त्याच्याशी, बरोबर. आणि कुलपाच्या भोकातून वायरी काढल्यात… अगं तू विचारलंस म्हणून सांगतोय!

सासूबाई काय म्हणतील? पडदा लाव ना. पडद्याला काय झालं? आपटता येत नाही, एवढाच त्रास.

…

काय म्हणालीस?

निघू? आत्ता? … तुम्ही पोहोचायच्या आत? … सामान जिन्यात फेकशील?… हो, हो, ऐकू आलं. शेजारच्या काकूंनाही आलं असेल.

ठीक आहे. जातो. पण जाताना एक विचारतो. ती गाडी कुणाची आहे?… तुमची कार नाही गं, आगगाडी… माझी? मला इंजिनाचं तोंड कुठलं ते ठाऊक नव्हतं, ताई. मी नाव घेणार नव्हतो. राहायला खोली मिळत होती म्हणून गप्प होतो. आता खोलीच नाही, तर गप्प कशाला राहू?

कार भावोजी चालवतायत ना? मग एवढे शांत कसे? फोन स्पीकरवर टाक.

नमस्कार भावोजी!… काही नाही, एवढंच विचारायचं होतं. रोज जेवण झालं की 'याची इंटरव्ह्यूची तयारी करून घेतो' म्हणून माझ्या खोलीत कोण येतं? आतून कडी लावून? कपाटात, ताईच्या शालीमागे, स्टेशनमास्तरची टोपी कुणाची आहे?… आणि परवा फोनवर कोण म्हणालं, 'आमच्या खोलीचं दार घे, तसंही ते तिच्या रागासाठीच ठेवलंय'?

…

खोटं बोलतोय मी? विचार त्यांना… बघ. मान खाली घातली ना?… ताई, त्यांना म्हणावं मान वर करा, रस्ता समोर असतो.

…कार का थांबवली?… ताई?… त्यांना उतरवलंस? भर रस्त्यात? मग कार कोण चालवतंय… सासूबाई? त्यांना येते?… काय म्हणतायत त्या?… 'लहानपणी माझ्या कपाटाच्या फळ्याही यानंच कापल्या'? बघ! रोग जुना आहे. मग मी राहू ना?… अगं मी तर नुसती करवत धरली!

…दोघांनीही? दोघांनीही कुठे जायचं?

ताई, रडू नकोस… नाही रडत? मग हा आवाज कसला?… हॉर्न. सासूबाई वाजवतायत. बरं.

थांब, दुसरा फोन येतोय. भावोजीच आहेत. ठेवतो.

हॅलो?… हां भावोजी. शिव्या नंतर द्या, आधी सावलीत उभे राहा… हो, हो, टेबल तपासलं. पट्टी धरून बघितलं… नाही हो, रेषभरसुद्धा नाही. घडी केली की बगलेत मावतं… टोपी घेतली.

आणि ऐका ना, भावोजी. येता येता भाड्याच्या खोल्या बघाल, तेव्हा बाकी काही विचारू नका. दारं कशाची आहेत तेवढं विचारा.