त्याच नावाची दुसरी फाइल

मी, तोशिए हिशिनुमा, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी, प्रोग्राम लिहिणे, राहणार नागाओका शहर, निगाता प्रांत, आज कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

मी वरील ठिकाणी आईसह राहते. वृद्धाश्रमांना तयार जेवण पुरवणाऱ्या कंपनीत नोकरीस आहे. श्री. कुसाकाबे हे आमचे विभागप्रमुख. आम्ही जेवण पुरवतो त्यांपैकी एका आश्रमात कु. चिझुरु मिनागावा या आहारतज्ज्ञ आहेत. त्याच आश्रमातल्या श्रीमती हिसानो कुरामोची, वय ८३, या ३१ डिसेंबरला संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातून गेलेला वर्षअखेरचा सोबा खाऊन दवाखान्यात नेताना वारल्या. सोब्याच्या शेवया कुट्टूच्या असतात आणि कुरामोचीबाईंना कुट्टूची जिवावर बेतणारी ॲलर्जी होती. मिनागावाबाईंनी हे आम्हाला कळवलंच नाही, असं आमच्या कंपनीने आपल्याला सांगितलं आहे. ते खोटं आहे.

आश्रमांकडून पथ्याच्या याद्या ई-मेलला जोडून येतात. मी लिहिलेला प्रोग्राम ठरावीक वेळाने मेल सर्व्हरवर लॉगिन करतो, नवे मेल उघडतो आणि त्यांना जोडलेल्या फाइली सुट्या करून स्वयंपाकघराच्या फोल्डरमध्ये उतरवतो. प्रत्येक फाइलीला पासवर्डचं कुलूप असतं आणि तो पासवर्ड मागोमाग दुसऱ्या मेलने येतो. इथल्या बऱ्याच कचेऱ्यांत अशीच रीत आहे. कुलूप आणि किल्ली एकाच पोस्टमनच्या हाती द्यायची आणि वर त्याला सुरक्षा म्हणायचं. याचा प्रकरणाशी संबंध नाही, तरी आपण लिहून घ्यावं.

फाइलीचं नाव म्हणजे आश्रमाचं नाव आणि जेवणाची तारीख, दुसरं काही चालणार नाही, हा नियम कुसाकाबे साहेबांचा. त्यामुळे दुरुस्त यादीही त्याच नावाने येते. गेल्या वसंतात एकाच नावाच्या दोन याद्या छापल्या गेल्या आणि स्वयंपाकघरात जुंपली. तेव्हा साहेब मला म्हणाले, "एकदा उतरलेल्या नावाची फाइल पुन्हा घ्यायची नाही."

मी विचारलं, "मग दुरुस्ती कशी पोचणार?"

"तुमचा आपला नेहमीचा नन्नाचा पाढा, हिशिनुमाबाई! दुरुस्ती असली तर फोन करतील की."

फोनवरून यादी बदलून मिळणार नाही, असं आश्रमांना कळवलं होतं तेही याच साहेबांनी. मी हुकुमाप्रमाणे प्रोग्राममध्ये ती ओळ घातली.

नव्या वर्षाची सुटी संपून ऑफिस उघडलं, तेव्हा मी फोल्डर सोडून थेट सर्व्हरवर पाहिलं. माझा प्रोग्राम फाइली उतरवतो, मेल पुसत नाही. मिनागावाबाईंचा दुरुस्तीचा मेल तिथे होता, त्यामागे पासवर्डचाही होता. दोन्ही सोब्याच्या आधी येऊन पडले होते, पण फाइलीचं नाव पहिल्या यादीचंच, म्हणून प्रोग्रामने ती घेतली नव्हती. मी फाइल उघडली. कुरामोची यांच्या नावापुढे लिहिलं होतं, "कुट्टू अजिबात नको. सोब्याऐवजी गव्हाचा उदोन द्यावा, म्हणजे सगळ्यांबरोबर त्यांनाही शेवया खाता येतील."

मी साहेबांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सर्व्हरवर इतके जुने मेल कशाला साठवता? साफ करून टाका."

"साहेब, एक म्हातारी गेली."

"म्हणूनच सांगतोय. फोल्डरमध्ये नाही, म्हणजे आली नाही. पाठवणं निराळं आणि पोचणं निराळं."

मी काहीही साफ केलेलं नाही.

काल दुपारी मिनागावाबाई काळा सूट घालून, माफीच्या रिवाजाप्रमाणे मिठाईचा खोका घेऊन आमच्या ऑफिसात माफी मागायला आल्या. मी साहेबांच्या शेजारी उभी होते. बाई म्हणाल्या, "यादी मी पाठवली होती. पण पोचली का, ते विचारलं नाही. चूक माझीच आहे." मग खाली गुडघे टेकून त्यांनी कपाळ फरशीला लावलं. मी तोंड उघडलं, तर साहेब म्हणाले, "हिशिनुमाबाई, जरा चहाचं बघा." मी चहा घेऊन आले तरी बाई तशाच होत्या. साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "असू द्या, माणूस म्हटलं की चुकायचंच. यापुढे जपून वागा."

बाईंची पाठ वळताच त्यांनी खोका फोडला आणि मिठाई टेबलाटेबलांवर वाटली. "चांगल्या दुकानातली आणलीय हं पोरीने," असं म्हणून स्वतः दोन खाल्ल्या. बोटं चाटली. इतरांनीही खाल्ली. मला त्या माणसाची शिसारी आली, आणि त्याच्यासाठी चहा ओतलेल्या माझ्या हातांचीही.

दोन्ही मेल जोडलेल्या फाइलीसह मी पेनड्राइव्हमध्ये देत आहे. फाइलीला कुलूप घातलेलं नाही. माझ्या टेबलावर ठेवलेली मिठाई कागदात गुंडाळून सोबत आणली आहे. पुरावा म्हणून ती घेता येत नाही, असं आपण म्हणालात. तर ती मिनागावाबाईंना परत द्यावी, आणि त्यांची यादी पोचली होती, एवढं त्यांना आजच सांगावं.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "नजरचुकीने फाइल उतरली नाही" असं लिहिलेलं होतं. "नजरचुकीने" हा शब्द मी खोडायला लावला आणि त्या जागी "हुकुमाने" लिहून घेतलं. आता सगळं मी बोलले तसंच आहे, म्हणून खाली सहीऐवजी माझा शिक्का उमटवते.